शालार्थ आणि वेतन पथक : हिशेब चोख, निरोप कच्चा

अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा किंवा शिपायाचा पगार दोन हातांतून जातो. एक हात शालार्थ या संगणक प्रणालीचा आणि दुसरा जिल्ह्याच्या वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘वेतन पथका’चा. जिल्हा परिषद शाळांचा पगारही शालार्थमधूनच निघतो, पण तिथे पथकाच्या जागी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा शिक्षण व वित्त विभाग येतो. इथे अनुदानित शाळांपुरतंच बोलू. दोन्ही हातांचं परीक्षण एकत्र करायचं, कारण कर्मचाऱ्याच्या लेखी ती एकच सेवा आहे: पगार झाला की नाही, आणि बरोबर झाला की नाही.

आधी निकाल सांगून टाकू. हिशेबाच्या बाबतीत ही सेवा चांगली आहे. मूळ वेतन, भत्ते, कपाती एकदा नीट भरल्या की शालार्थची बेरीज-वजाबाकी चुकत नाही. हाताने पगारपत्रकं लिहिण्याच्या काळात शाळेचा लिपिक ज्या कामात आठवडा घालवायचा, ते आता एका दिवसाचं आहे. जिथे ही सेवा कमी पडते ती जागा वेगळी आहे. बिल का थांबलं, प्रस्ताव कशासाठी परत आला, कपात कुठे जमा झाली, हे ज्याचं त्याला वेळेवर कळत नाही. पगाराच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हे न कळवणं आहे.

बिलाचा प्रवास समजून घेतला की निम्म्या अडचणी आधीच दिसतात. पहिल्या पातळीवर मुख्याध्यापकाचं लॉगिन, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी लिपिकच ते चालवतो. त्या महिन्यातले बदल आधी भरायचे: कुणाची वेतनवाढ, कुणाची बिनपगारी रजा, कुणाच्या भविष्य निर्वाह निधीची वाढवलेली वर्गणी, पतसंस्थेचा नवा हप्ता. मग बदलांचं विवरण, ज्याला सगळे चेंज स्टेटमेंट म्हणतात, ते तयार करून वर मंजुरीला पाठवायचं. ते मंजूर झाल्यावर बिल जनरेट करायचं, तपासायचं आणि फॉरवर्ड करायचं. पथकात सगळ्या शाळांची बिलं तपासून एकत्र होतात, तरतूद, म्हणजे पगारासाठी शासनाने दिलेला निधी, आलेली असेल तर देयक कोषागारात जातं आणि तिथून पैसे खात्यांकडे.

नेहमीची चूक इथे होते, आणि ती क्रमाची असते. बदल मंजूर व्हायच्या आत बिल जनरेट केलं तर बिलात जुनेच आकडे येतात. ते छापील प्रतीवर नजर टाकून लक्षात येत नाही, कारण बेरीज बरोबरच असते. फॉरवर्ड करण्याआधी चूक दिसली तर शाळाच बिल काढून टाकून पुन्हा तयार करू शकते. एकदा वर गेलं की पथकाने परत पाठवल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि पथकाची तारीख उलटून गेलेली असेल तर तो फरक पुढच्या महिन्यावर किंवा थेट फरक बिलावर, म्हणजे राहिलेल्या रकमेच्या वेगळ्या बिलावर, जातो. शाळेचं बिल एकत्रच असल्यामुळे एका नावातल्या त्रुटीसाठी सगळ्या शाळेचं बिल परत येतं. म्हणून बिल पाठवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःची ओळ बघून सही करायची पद्धत ज्या शाळांनी लावली आहे, त्यांची बिलं क्वचितच परत येतात. पंधरा मिनिटांचं काम आहे. हे मुख्याध्यापकांनी करून घ्यावंच.

ओळ बघायची म्हणजे काय, ते एका उदाहरणात पाहू. प्राथमिक शिक्षकाचा सातव्या वेतन आयोगातला स्तर एस-१०, सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्के धरला तर तो १४,६००. झेड वर्गातलं, म्हणजे घरभाड्यासाठी सर्वांत खालच्या वर्गातलं, गाव असेल तर घरभाडे भत्ता त्या टप्प्यावर १० टक्के, म्हणजे २,९२०. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची कर्मचाऱ्याची कपात मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे ४,३८०. शासनाचा हिस्सा १४ टक्के, म्हणजे ६,१३२. हा शासनाचा हिस्सा एकूण वेतनात मिळवून कपातीत पुन्हा वजा दाखवला असेल तर एकूण वेतनाचा आकडा फुगलेला दिसतो. त्यात गोंधळून जाऊ नये, हातात येणाऱ्या रकमेवर त्याचा परिणाम नाही. व्यवसाय कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. फेब्रुवारीचा पगार शंभराने कमी आला म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी पथकात फोन लावतो, त्याचं उत्तर हे एवढंच आहे.

आता वेतनवाढ. २९,२०० च्या पुढचा टप्पा ३०,१००. ही वाढ जुलैच्या बिलात लावायची राहिली तर त्या एका महिन्यात मूळ वेतनाचे ९००, महागाई भत्त्याचे ४५० आणि घरभाड्याचे ९० असे १,४४० रुपये कमी येतात. त्यातून कपातीचे १३५ वजा जाता हातात येणारी रक्कम १,३०५ ने घटते. एक महिना चुकला तर पुढच्या महिन्यात फरक मागता येतो. तीन-चार महिने लोटले की वेगळं फरक बिल, वेगळी तपासणी, आणि थकीत देयकांसाठी वेगळी तरतूद येईपर्यंत थांबणं. सातव्या वेतन आयोगाच्या नियमांत वेतनवाढीच्या तारखा दोन आहेत, १ जानेवारी आणि १ जुलै. बऱ्याच शाळांत जुलैची सवय इतकी पक्की आहे की जानेवारीवाल्यांची वाढ विसरली जाते. २ जानेवारी ते १ जुलैच्या दरम्यान पदोन्नती किंवा वरची वेतनश्रेणी मिळालेल्याची पुढची वाढ १ जानेवारीला येते. ज्यांना वरिष्ठ वेतनश्रेणी मार्च-एप्रिलमध्ये लागू झाली असेल त्यांनी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लिपिकाला आठवण करावी.

शालार्थ आयडी, म्हणजे कर्मचाऱ्याचा प्रणालीतला ओळख क्रमांक, हा या सेवेचा दरवाजा आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त माणसं अडकलेली असतात. आयडीत नावाची आद्याक्षरं, लिंग आणि जन्मवर्षाचे शेवटचे दोन अंक गुंफलेले असतात. आपला आयडी हातात आल्यावर ते दोन अंक जन्मदाखल्याशी ताडून बघा. तिथे चूक म्हणजे नोंदीतली जन्मतारीखच चुकलेली असण्याची शक्यता, आणि त्या तारखेवर सेवानिवृत्तीचा दिवस ठरतो. नवीन नाव शालार्थमध्ये घेण्याचे अधिकार २० मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने विभागाकडे आले: प्राथमिक आणि माध्यमिकसाठी विभागीय शिक्षण उपसंचालक, उच्च माध्यमिकसाठी विभागीय मंडळाचे अध्यक्ष. उपसंचालकांची कार्यालयं आठ आहेत, मंडळं मात्र नऊ. त्यामुळे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचा प्रस्ताव माध्यमिकसाठी कोल्हापूरला आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी कोकण मंडळाकडे, असे दोन रस्ते फुटतात. एकाच संस्थेत दोन्ही विभाग असतील तर प्रस्ताव चुकीच्या कार्यालयात जाऊन महिना फुकट जाऊ शकतो.

प्रस्ताव परत येण्याची कारणं बहुतेक ठरलेली आहेत. वैयक्तिक मान्यतेच्या, म्हणजे नियुक्तीला शिक्षण विभागाने दिलेल्या मंजुरीच्या, आदेशातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या यादीत, ते पदच दिसत नाही, किंवा पद दिसतं पण बिंदुनामावलीतला (आरक्षणानुसार पदांचा क्रम लावणाऱ्या नोंदीतला) बिंदू वेगळा आहे. जाहिरात, संस्थेचा ठराव, नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल यांच्या तारखांचा क्रम उलटसुलट आहे. शिक्षण सेवकाच्या, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर काम करणाऱ्या नव्या शिक्षकाच्या, बाबतीत आणखी एक गाठ पडते. तीन वर्षांचा कालावधी संपल्यावर नियमित वेतनश्रेणीची मान्यता वेगळी घ्यावी लागते. ती येईपर्यंत शालार्थमध्ये मानधनच निघत राहतं. प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० हे मानधन १ जानेवारी २०२३ पासूनचं आहे. मूळ वेतनाशी तुलना केली की मान्यतेचा एकेक महिना केवढ्याला पडतो ते दिसतं. तीन वर्षं पुरी व्हायच्या दोन महिने आधीच प्रस्ताव तयार ठेवा: उपस्थितीचा तपशील, कामकाजाचा अहवाल, मूळ मान्यतेची प्रत. संस्थेच्या ठरावासाठी बैठकीची वाट बघण्यात वेळ जातो, तो आधीच घेऊन ठेवता येतो.

नागपूर विभागात २०२५ मध्ये बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघड झालं, अटका झाल्या, चौकशीसाठी विशेष पथक नेमलं गेलं. त्यानंतर नोव्हेंबर २०१२ पासून नेमलेल्या कर्मचाऱ्यांची नियुक्ती आणि मान्यतेची कागदपत्रं शालार्थमध्ये अपलोड करण्याचे आदेश निघाले. कागद तपासले जाणं योग्यच आहे. खोट्या नावावर गेलेला प्रत्येक रुपया खऱ्या शिक्षकाच्या थकीत बिलातून गेलेला असतो. पण बारा-तेरा वर्षांपूर्वीचा मान्यता आदेश शाळेच्या दप्तरात सापडत नाही म्हणून प्रामाणिक माणसाची झोप उडते, तेव्हा कार्यालयाने स्वतःच्या जावक नोंदवहीतून प्रत काढून द्यायला हवी. आदेश कार्यालयानेच काढलेला असतो. ती प्रत मागण्याचा अर्ज करताना आदेशाचा जावक क्रमांक आणि तारीख लिहा. क्रमांक आठवत नसेल तर सेवापुस्तकाच्या पहिल्या नोंदीत तो बहुधा मिळतो.

शाळेतलं पद कमी झाल्याने अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजन झालेल्यांची अडचण वेगळी. जुन्या शाळेने प्रणालीतून कार्यमुक्त केल्याशिवाय नवी शाळा नाव ओढून घेऊ शकत नाही. कागदावर कार्यमुक्ती झाली, हजेरी नव्या शाळेत लागली, आणि नाव मात्र जुन्या शाळेच्या बिलात, असा महिना हमखास येतो. निघण्याच्या दिवशीच तीन गोष्टी हातात घ्या: कार्यमुक्ती आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र, आणि लिपिकाच्या स्क्रीनवर कार्यमुक्तीची नोंद झाल्याची छापील प्रत. सेवापुस्तक मागाहून आलं तरी चालतं, ही तिसरी गोष्ट मागाहून आली तर पगार अडतो.

जानेवारी २०१८ मध्ये शालार्थ बंद पडली आणि पुढे कितीतरी महिने पगार ऑफलाइन काढावे लागले. त्या काळातल्या कपातींच्या नोंदी आजही सर्वांत संशयास्पद आहेत. भविष्य निर्वाह निधीची वार्षिक चिठ्ठी हातात असेल तर २०१८ आणि २०१९ ची पानं महिनावार तपासा. बारा महिन्यांच्या बारा वर्गण्या आहेत का? एखाद्या महिन्याचं परिशिष्ट (कपातींची नावनिहाय यादी) जोडायचं राहिलं किंवा खाते क्रमांकाचा एक अंक चुकला की ती वर्गणी पगारातून गेलेली असते, पण खात्यात दिसत नाही. पाच हजारांची एक वर्गणी हरवली तर वर्षाला ७.१ टक्क्यांनी ३५५ रुपये व्याज बुडतं, हे किरकोळ वाटेल. हाच दर कायम धरला तर वीस वर्षांत तीच वर्गणी १९,७०० च्या आसपास जाते. पुरावा म्हणून त्या महिन्याच्या पगारपत्रकाची आणि कपातीच्या परिशिष्टाची साक्षांकित प्रत लागते. ही परिशिष्टं शाळेत जपून ठेवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकाची, आणि निवृत्तीच्या तोंडावर ती शोधण्यापेक्षा दरवर्षी चिठ्ठी आल्या आल्या जुळवणं कितीतरी सोपं.

१ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचं खातं प्राण क्रमांकावर, म्हणजे त्या योजनेतल्या कायम खाते क्रमांकावर, केंद्रीय अभिलेख संस्थेकडे असतं आणि ते स्वतः ऑनलाइन उघडून बघता येतं. या सगळ्या व्यवस्थेत कर्मचाऱ्याला थेट दिसणारी ही सर्वांत स्वच्छ खिडकी आहे, तिचा वापर करा. दोन रकमा दिसायला हव्यात, आपली आणि शासनाची. आपली आली आणि शासनाची नाही, असा महिना दिसला तर पथकाला लेखी कळवा. खात्यात उशिरा जमा झालेल्या रकमेवर मधल्या काळातला परतावा आपोआप मिळत नाही, म्हणून इथे उशीर परवडत नाही. त्याआधीच्या अंशदायी निवृत्तिवेतन योजनेच्या काळातल्या रकमा प्राण खात्यात वर्ग झाल्या का, हेही एकदा बघून घ्या. त्या काळच्या पावत्या अजून कपाटात असतील तर फेकू नका.

वैद्यकीय प्रतिपूर्ती हा या सेवेतला सर्वांत त्रासाचा भाग. माणूस आधीच आजारपणातून उठलेला असतो. खाजगी रुग्णालयातल्या उपचारांसाठी १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयातली यादी बघावी लागते: २७ आकस्मिक आजार आणि ५ गंभीर आजार. देयक परत येण्याचं पहिलं कारण डिस्चार्ज कार्डावरचं निदान. तिथे नुसतं ‘ताप, अशक्तपणा’ लिहिलेलं असेल तर पुढची पन्नास पानं कितीही नीट लावली तरी उपयोग नाही. आजाराचं नेमकं नाव, आणि भरती तातडीची होती हा उल्लेख, दोन्ही डॉक्टरांकडून रुग्णालय सोडतानाच लिहून घ्या. रुग्णालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रतही त्याच दिवशी मागा. औषधांच्या पावत्या मूळ, तारखेच्या क्रमाने, प्रत्येकीवर डॉक्टरांची सही. आवश्यकता प्रमाणपत्रातली (उपचार गरजेचे होते असं डॉक्टर लिहून देतात त्या कागदातली) बेरीज आणि पावत्यांची बेरीज रुपयाला रुपया जुळली पाहिजे. नंतर जिल्हा शल्य चिकित्सकांची तपासणी, मग मंजुरी, मग तरतुदीची वाट. जोडलेल्या प्रत्येक पानाला क्रमांक घालून एक संपूर्ण झेरॉक्स संच घरी ठेवा. फाइल गहाळ झाली तर मूळ पावत्या पुन्हा मिळत नाहीत.

पगार उशिरा होण्याचं कारण मात्र बरेचदा शाळेतही नसतं आणि पथकातही. तरतूद अर्थसंकल्प वितरण प्रणालीवर, म्हणजे शासनाच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, आली नाही तर मंजूर बिलंही पडून राहतात. नवीन आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे मार्चचा पगार एप्रिलमध्ये निघताना, हे जास्त घडतं. गृहकर्जाचा हप्ता १ तारखेला ठेवलेला असेल तर बँकेत अर्ज देऊन तो १० तारखेच्या पुढे ढकलून घ्या. बँका हे करून देतात, आणि हप्ता परत गेल्याचा दंड वाचतो. पथकाने फक्त ‘तरतूद अप्राप्त’ एवढे दोन शब्द सर्व शाळांना कळवले तरी शेकडो फोन वाचतील. काही पथकं हे नियमित करतात, आणि तिथले कर्मचारी उशीर झाला तरी शांत असतात. फरक फक्त एका निरोपाचा.

निरोपांवरून आणखी एक गोष्ट. बातम्या आणि आदेश आज व्हॉट्सॲप गटांवरून फिरतात, आणि त्यांत जुने, अर्धवट, कधी बनावट कागद मिसळलेले असतात. शासन निर्णय खरा की खोटा हे ओळखायला एक साधी खूण आहे. प्रत्येक शासन निर्णयावर अठरा अंकी संगणक सांकेतांक असतो. पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन अंक विभागाचे. शालेय शिक्षण विभागाचे २१, वित्त विभागाचे ०५, ग्रामविकासाचे २०. महागाई भत्त्याचा म्हणून फिरणारा निर्णय ०५ वर संपत नसेल तर तिथेच थांबा. सांकेतांक राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उघडली की शंका उरत नाही. संचालनालयाची किंवा उपसंचालकांची पत्रं मात्र या जागी मिळत नाहीत. त्यांवर फक्त जावक क्रमांक असतो, आणि ती खरी आहेत का हे त्या कार्यालयालाच विचारावं लागतं. विभागीय कार्यालयांनी आपली पत्रं तारीखवार एका ठिकाणी टाकली तर ही अडचण एका महिन्यात संपेल. त्याला तरतूद लागत नाही, रोज अर्धा तास देणारा एक माणूस लागतो.

तक्रार करायची वेळ आली तर तोंडी विचारण्यात वर्ष जातं. लेखी अर्ज द्या, एका अर्जात एकच विषय, आयडी आणि महिना ठळक, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याशिवायचा अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्याने, ज्याला कर्मचारी दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, साधारणपणे कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं सांगितलं आहे. स्मरणपत्रात त्या कायद्याचा उल्लेख शांत भाषेत करा. ‘आपले सरकार’वर तक्रार टाकली तर २१ दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. आणि फाइल कुठे आहे हेच कळत नसेल तर दहा रुपयांच्या शुल्कात माहितीचा अधिकार आहे. अर्जात ‘माझं काम का झालं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. विचारा: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या दिवशी कोणत्या टेबलावर काय शेरा लिहिला गेला, त्या टिप्पणीच्या पानांच्या प्रती द्याव्यात. तीस दिवसांत त्या प्रती आल्या की त्रुटी काय होती हे पहिल्यांदा कळतं, आणि पुष्कळदा ती दोन ओळींच्या पत्राने पुरी होण्यासारखी निघते.